डॉ. हॅलस्टेड : रबरी हातमोजे आणि कोकेन

ऑपरेशन थिएटर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिरवा गाऊन, तोंडाला मास्क आणि हातात रबरी मोजे असंच चित्र येतं. यातले हातमोजे ज्याच्यामुळे आले तो अमेरिकन सर्जन म्हणजे विल्यम स्टुअर्ट हॅलस्टेड. हॉस्पिटलमधला ताप-नाडी-श्वासाचा तक्ता, दाढ काढण्याआधी जबडा बधिर करणारं इंजेक्शन, ‘रेसिडेंट डॉक्टर’ नावाची पद्धत, या सगळ्यांच्या मुळाशी कुठे ना कुठे हाच माणूस सापडतो. मेडिकलच्या पोरांना त्याचं नाव पाठ असतं. पण त्याच्या आयुष्यातला जो भाग बहुतेक वेळा दोन ओळींत उरकला जातो, तोच मला जास्त महत्त्वाचा वाटतो. हा माणूस वयाच्या बत्तिशीपासून व्यसनात होता. आणि त्याच्यावर झालेले उपचार हा उत्तेजक द्रव्याचं व्यसन सोडवण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी एक होता. तो प्रयत्न यशस्वी झाला का? याचं सरळ उत्तर आजही देता येत नाही. का देता येत नाही, ते पुढे येईलच.

हॅलस्टेडचा जन्म २३ सप्टेंबर १८५२ चा, न्यूयॉर्कचा. वडील कापडाच्या आयातीचे बडे व्यापारी. पैशाला तोटा नव्हता. येल विद्यापीठात असताना हे महाशय फुटबॉल टीमचे कॅप्टन होते आणि कॉलेजच्या लायब्ररीतून त्यांनी एकही पुस्तक नेल्याची नोंद नाही असं सांगतात! (आपल्या लायब्ररीत अशा नोंदी शोधायला गेलं तर बरेच हॅलस्टेड निघतील.) शेवटच्या वर्षी मात्र त्याने ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ विकत घेतलं, वाचलं आणि एकदम गाडी रुळावर आली. १८७४ मध्ये येलमधून बाहेर पडून तो न्यूयॉर्कच्या मेडिकल कॉलेजात गेला, १८७७ मध्ये डॉक्टर झाला. न्यूयॉर्क हॉस्पिटलमध्ये नोकरीला असताना त्याने पेशंटचा ताप, नाडी आणि श्वास एकाच कागदावर आलेखाने मांडायला सुरुवात केली. डेटा प्लॉट केल्याशिवाय काही कळत नाही हे आपल्याला फर्स्ट इयरला शिकवतात, त्याला ते आपसूक सुचलं होतं.

नंतर दोन वर्षं व्हिएन्ना आणि जर्मनीत काढून १८८० मध्ये तो परतला तो जंतुनाशक शस्त्रक्रियेचं वेड डोक्यात घेऊनच. त्या काळी अमेरिकेतले बरेच नामवंत सर्जन रस्त्यावरचा कोट घालून, हात न धुता पोट उघडायचे. बेलव्ह्यू हॉस्पिटलच्या जुन्या थिएटरमध्ये आपल्याला हवी तशी स्वच्छता पाळली जाणार नाही हे बघून हॅलस्टेडने काय करावं? त्याने आवारातच ऑपरेशनसाठी वेगळा तंबू उभारून घेतला. लाकडी फरशी, गॅस, पाणी, सगळी सोय त्यात.

हा माणूस तेव्हा किती धाडसी होता याचे दोन किस्से आहेत. १८८१ मध्ये बहिणीला बाळंतपणानंतर भयंकर रक्तस्राव झाला. हॅलस्टेड पोचला तेव्हा ती जवळजवळ गेलेलीच होती. त्याने स्वतःच्या शिरेतून सिरिंजने रक्त काढलं आणि तिला दिलं. ब्लड ग्रुप ही भानगडच तेव्हा माहीत नव्हती, लँडस्टायनरने ती पुढे वीस वर्षांनी शोधली. रक्त जुळलं, बहीण वाचली. पुढच्याच वर्षी आईच्या पित्ताशयात पू झाला, तेव्हा रात्री दोन वाजता स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने तिचं ऑपरेशन केलं आणि सात खडे काढले. आईसुद्धा वाचली. असा माणूस स्वतःवर प्रयोग करायला घाबरेल का? तेच झालं.

१८८४ च्या सप्टेंबरमध्ये जर्मनीत हायडेलबर्गला डोळ्यांच्या डॉक्टरांची परिषद भरली होती. व्हिएन्नाच्या कार्ल कोलर नावाच्या तरुण डॉक्टरने दाखवून दिलं होतं, की कोकेनच्या द्रावणाचे थेंब घातले की डोळा पूर्ण बधिर होतो आणि पेशंट जागा असताना ऑपरेशन करता येतं. कोलरकडे प्रवासाला पैसे नव्हते, म्हणून त्याचा पेपर दुसऱ्याच डॉक्टरने वाचला. (पेपर प्रेझेंटेशनला जायला पैसे नसणं ही फार जुनी परंपरा आहे म्हणायची.) काही आठवड्यांत ही बातमी न्यूयॉर्कला धडकली.

हॅलस्टेडने त्यापुढची पायरी गाठली. त्याचा विचार साधा पण भन्नाट होता. बल्बजवळ खटपट करण्यापेक्षा मेन स्विच बंद करावा, तसं. वेदना नसेमार्फत मेंदूकडे जाते, तर कोकेन कातडीवर लावण्याऐवजी सुईने नसेपाशीच सोडलं तर त्या नसेच्या पुढचा सगळा भाग बधिर व्हायला हवा. तो, त्याचा सहकारी रिचर्ड हॉल आणि काही तरुण डॉक्टर व विद्यार्थी यांनी हे प्रयोग एकमेकांवर आणि स्वतःवर सुरू केले. खालच्या जबड्याची नस बधिर करण्याचा प्रयोग १८८४ संपायच्या आतच यशस्वी झाला. आज दातांचा डॉक्टर औषध वेगळं वापरतो, पण सुई टोचण्याची जागा तीच.

कोकेन तेव्हा बेकायदा नव्हतं. औषधाच्या दुकानात मिळायचं, कंपन्या जाहिराती करायच्या. त्याची सवय लागते हे कुणाला ठाऊकच नव्हतं. प्रयोग करणाऱ्यांच्या लक्षात आलं ते एवढंच, की इंजेक्शननंतर थकवा पळतो, झोप लागत नाही, डोकं सुसाट चालतं. दिवसभर ऑपरेशनं, संध्याकाळी शिकवण्या आणि रात्री पार्ट्या असा दिनक्रम असणाऱ्यांना आणखी काय हवं? नाइट मारून सबमिशन पुरं करणाऱ्यांना हा मोह वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

वर्षभरात सगळं कोसळलं. मे १८८५ मध्ये बेलव्ह्यूमध्ये उंचावरून पडलेला एक मजूर आणला होता. पायाचं हाड कातडी फोडून बाहेर आलेलं. हॅलस्टेडला बोलावलं. तो आला, बघितलं, मागे वळला आणि निघून गेला. बाहेर घोडागाडी केली, घर गाठलं आणि सात महिन्यांहून जास्त काळ कोकेनच्या अमलाखाली राहिला. त्याच सप्टेंबरमध्ये कोकेनवरचा त्याचा लेख न्यूयॉर्कच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. इतका नेमका माणूस, पण त्या लेखाचं पहिलंच वाक्य कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं याचा पत्ता लागत नाही. संपादकांनी ते तसंच कसं छापलं कोण जाणे.

इथे थोडं थांबून कोकेन नेमकं काय करतं ते बघू. मेंदूतल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन सोडतात आणि काम झालं की ते परत आत ओढून घेतात. कोकेन हा परतीचा दरवाजाच अडवतं. त्यामुळे डोपामिन बाहेर साठून राहतं आणि मेंदूला वाटतं, काहीतरी अतिशय महत्त्वाचं आणि चांगलं घडतंय, हे पुन्हा करा. ‘मेथ’ म्हणजे मेथॅम्फेटामाइन हे याच घराण्यातलं पण जास्त दांडगं द्रव्य. ते दरवाजा अडवण्यावर थांबत नाही, पेशीत शिरून आतला साठाच बाहेर ढकलतं. शिवाय कोकेनचं शरीरातलं प्रमाण साधारण तासाभरात निम्म्यावर येतं, मेथला दहा-बारा तास लागतात. हॅलस्टेड कोकेनमध्ये बुडाला तेव्हा मेथ जन्माला यायचं होतं. जपानच्या नागाई नागायोशीने ते १८९३ मध्ये बनवलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत ‘पर्विटिन’ आणि जपानमध्ये ‘फिलोपोन’ या नावांनी सैनिक आणि कामगारांना त्याच्या गोळ्या मिळत होत्या आणि युद्धानंतर जपानमध्ये व्यसनाची अशी लाट आली की १९५१ मध्ये खास कायदा करावा लागला.

आता परत हॅलस्टेडकडे. त्याचं नशीब म्हणजे त्याला विल्यम वेल्चसारखा मित्र होता. वेल्च पॅथॉलॉजिस्ट, बाल्टिमोरमध्ये उभ्या राहणाऱ्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलचा एक आधारस्तंभ. १८८६ च्या सुरुवातीला वेल्चच्या पुढाकाराने हॅलस्टेडला शिडाच्या जहाजातून कॅरिबियन बेटांच्या सफरीवर नेण्यात आलं. बेत असा की सोबत थोडं कोकेन द्यायचं आणि रोज मात्रा कमी करत जायची. बेत फसला. साठा संपल्यावर त्याने कॅप्टनची औषधांची पेटी फोडली असं सांगितलं जातं.

मग मे १८८६ मध्ये तो ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स गावच्या बटलर हॉस्पिटलमध्ये दाखल झाला. हे मनोरुग्णांचं हॉस्पिटल. रजिस्टरमध्ये नाव लिहिलं ‘विल्यम स्टुअर्ट’. आडनाव गाळलेलं. सहा-सात महिने तो तिथे होता. उपचार काय? चांगलं खाणं, मोकळी हवा, व्यायाम आणि, त्याच्या बहुतेक चरित्रकारांच्या मते, कोकेनची तलफ भागवायला मॉर्फिन!

गंमत बघा. (गंमत कसली म्हणा.) दोन वर्षांपूर्वी व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉईड नावाच्या तरुण डॉक्टरने नेमकं याच्या उलट केलं होतं. त्याचा मित्र एर्न्स्ट फ्लाइश्ल याचा अंगठा जंतुसंसर्गामुळे कापावा लागला होता, आणि त्या दुखण्यापायी तो मॉर्फिनच्या आहारी गेला होता. मॉर्फिन सोडवायला फ्रॉईडने त्याला कोकेन दिलं आणि हा उत्तम इलाज आहे म्हणून लिहूनही टाकलं. फ्लाइश्लला दोन्ही व्यसनं जडली. १८९१ मध्ये तो गेला. म्हणजे एका खंडात मॉर्फिनवर उतारा कोकेन आणि दुसऱ्या खंडात कोकेनवर उतारा मॉर्फिन. दोन्हीकडचे डॉक्टर हुशार, दोन्हीकडचा हेतू चांगला. एक-दोन पेशंट सुधारल्यासारखे वाटले की इलाज सापडला, हाच तेव्हाचा खाक्या होता.

डिसेंबर १८८६ मध्ये वेल्चने हॅलस्टेडला बाल्टिमोरला नेलं, आपल्याच घरी ठेवून घेतलं आणि प्रयोगशाळेत कामाला लावलं. तिथे हॅलस्टेडने कुत्र्यांच्या आतड्यांवर काम करून एक सुंदर प्रश्न सोडवला. आतडं कापून परत शिवलं की टाके निसटायचे, पेशंट दगावायचा. आतड्याच्या भिंतीत अनेक थर असतात, पण भार घेतो कोण? मटेरियल टेस्टिंगचाच प्रश्न की हा! हॅलस्टेडने दाखवलं की ताकद असते ती आतल्या अस्तराखालच्या एका पातळ, चिवट थरात. टाका त्यातून गेला तरच टिकतो. पोटाचे सर्जन हे आजही पहिल्या धड्यात शिकतात.

पण १८८७ च्या एप्रिलमध्ये त्याला पुन्हा बटलरला भरती व्हावं लागलं. यावेळी जवळजवळ नऊ महिने.

तरीही वेल्चने हात सोडला नाही. १८८९ च्या मे महिन्यात जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल सुरू झालं आणि हॅलस्टेडला आधी तात्पुरतं नेमलं गेलं. एक प्रकारचा प्रोबेशनच. १८९० मध्ये तो मुख्य सर्जन झाला, १८९२ मध्ये प्रोफेसर. विचार करा, दोनदा मनोरुग्णालयात राहून आलेल्या माणसाला देशातल्या सगळ्यात नव्या हॉस्पिटलचं मुख्य पद! आज आपल्या एखाद्या संस्थेत हे होईल का? मला तरी शंका आहे.

हातमोज्यांची गोष्ट याच काळातली. त्याच्या थिएटरची मुख्य नर्स कॅरोलाइन हॅम्प्टन. निर्जंतुक करायला सगळ्यांनाच मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात हात बुडवावे लागत. तिच्या हातांची कातडी सोलून निघाली आणि ती नोकरी सोडायच्या बेतात आली. ती अतिशय कामाची होती. (एवढंच कारण नव्हतं हे पुढे उघड झालंच.) हॅलस्टेडने तिच्या हातांचे प्लास्टरचे साचे बनवून न्यूयॉर्कच्या गुडइयर रबर कंपनीला पाठवले आणि पातळ हातमोजे बनवून घेतले. मेकॅनिकलवाल्यांसाठी खुलासा : टायरवाली गुडइयर ती वेगळी, तिची स्थापना १८९८ ची. ४ जून १८९० ला दोघांचं लग्न झालं. म्हणजे पहिले हातमोजे जंतुसंसर्ग टाळण्यासाठी नव्हतेच, एका नर्सचे हात वाचवण्यासाठी होते. मग मदतनीस घालू लागले, मग हॅलस्टेडच्या हाताखालच्या ब्लडगुडने ऑपरेशन करतानाही घालायला सुरुवात केली, तेव्हा जखमा पिकण्याचं प्रमाण एकदम खाली आलं. इतकी वर्षं हातमोजे समोर असून आपल्याला हे सुचलं कसं नाही याचं हॅलस्टेडला नंतर नवल वाटत राहिलं.

न्यूयॉर्कचा हॅलस्टेड आणि बाल्टिमोरचा हॅलस्टेड ही दोन वेगळी माणसं वाटतात. पहिला वेगवान, दिलखुलास, पार्ट्या देणारा. दुसरा अबोल, तिरकस, कमालीचा सावकाश. प्रत्येक बारीक रक्तवाहिनी बांधायची, ऊतकाला चिमटासुद्धा हलक्या हाताने लावायचा, बारीक रेशमाने एकेक टाका घ्यायचा. ऑपरेशन चार-चार तास चाले. पण त्याच्या जखमा भरायच्या. शर्ट धुवायला पॅरिसला पाठवायचा, कॉफीच्या बिया एकेक निवडून घ्यायला लावायचा. घरात नवरा-बायको वेगवेगळ्या मजल्यांवर राहत. उन्हाळा आला की काही महिने गायब. कधी नॉर्थ कॅरोलिनातल्या डोंगरावरच्या घरी डेलियाची फुलं लावायला, कधी एकटाच युरोपात कुठल्या तरी हॉटेलात. तिथे तो काय करायचा हे सहकारी विचारत नसत.

शिकवायची त्याची तऱ्हाही वेगळी होती. पास झालेल्या तरुण डॉक्टरांनी वर्षानुवर्षं हॉस्पिटलमध्येच राहायचं, जबाबदारी हळूहळू वाढत जायची, शेवटी एक जण मुख्य रेसिडेंट. त्याच्या हाताखाली असे सतरा मुख्य रेसिडेंट तयार झाले. हार्वी कुशिंग हा मेंदूच्या शस्त्रक्रियेचा जनक याच तालमीतला. आपल्याकडचे रेसिडेंट डॉक्टर ३६-३६ तास ड्यूटी करतात तेव्हा त्या पद्धतीचं एक मूळ इथपर्यंत पोचतं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. हॅलस्टेड बरा झाला का? तो पुढे तीस-पस्तीस वर्षं काम करत राहिला हे खरं. पण कशामुळे? मॉर्फिन दिल्यामुळे, की वेल्चने घर, काम आणि विश्वास दिल्यामुळे? की श्रीमंती होती, गुपित सांभाळणारे मित्र होते म्हणून? एका वेळी दोन-तीन व्हेरिएबल बदलून रीडिंग घेतलं तर आपले सर जर्नल भिरकावून देतील. इथे तर रीडिंगही एकच. त्याचा सहकारी रिचर्ड हॉल न्यूयॉर्क सोडून कॅलिफोर्नियात सांता बार्बराला गेला आणि १८९७ मध्ये वारला. त्या प्रयोगांतल्या इतर पोरांची तर नावंही फारशी कुणाला माहीत नाहीत.

हॅलस्टेडच्या स्वतःच्या सर्वांत गाजलेल्या ऑपरेशनलाही ही कसोटी नंतर लागू झाली. स्तनाच्या कॅन्सरसाठी तो स्तनासकट छातीचे स्नायूही काढायचा. १८९४ मध्ये त्याने निकाल प्रसिद्ध केले आणि पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगभर तेच चाललं. १९७१ मध्ये बर्नार्ड फिशर यांनी अमेरिकेत चाचणी सुरू केली. कुठल्या बाईवर कुठला उपचार ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं आणि वर्षानुवर्षं नोंदी ठेवायच्या. कमी कापूनही बायका तितक्याच जगतात, हे त्यातून सिद्ध झालं.

व्यसनाच्या बाबतीतही चिकाटीने अशा चाचण्या चालू आहेत. अफूच्या घराण्यातल्या व्यसनांसाठी उत्तर बरंचसं सापडलं. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर यांनी मेथॅडोनचे निकाल मांडले, पुढे बुप्रेनॉर्फिन आलं. पण कोकेन आणि मेथ यांनी अजून दाद दिलेली नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत मेथचं व्यसन असलेल्या ४०३ जणांपासून सुरुवात झाली. काहींना नॅल्ट्रेक्सोनचं इंजेक्शन आणि ब्युप्रोपिऑनच्या गोळ्या, बाकीच्यांना नुसती दिखाऊ औषधं. कोणाला काय मिळतंय हे पेशंटलाही ठाऊक नाही. लघवीच्या चार तपासण्यांपैकी किमान तीन स्वच्छ आल्या तर यश मानायचं. निकाल : औषधवाल्यांत १३.६ टक्के, दिखाऊ औषधवाल्यांत २.५ टक्के. आपल्या हिशेबाने दोन्हीकडे नापासच! पण पहिल्यांदाच फरक ठळक दिसला, आणि तो मोजून दिसला. औषधांपेक्षा जास्त पुरावा आजवर एका साध्या उपायाच्या बाजूने आहे. तपासणी स्वच्छ आली की लगेच छोटंसं बक्षीस द्यायचं, आली नाही तर रागवायचं नाही, फक्त बक्षीस नाही. पुढच्या वेळी पुन्हा यायचं. वेल्चने बाल्टिमोरमध्ये जे केलं ते मला याच्या जवळचं वाटतं, पण हे माझं मत. पुण्यात अवचट दांपत्याने मुक्तांगण सुरू केलं ते १९८६ मध्ये, हॅलस्टेड बटलरला दाखल झाला त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी.

१९१९ मध्ये हॅलस्टेडचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. आईला होता तोच आजार. १९२२ मध्ये पुन्हा त्रास सुरू झाला, त्याच्याच तालमीत तयार झालेल्या सर्जनांनी ऑपरेशन केलं, पण ७ सप्टेंबरला तो गेला. तीन महिन्यांच्या आत कॅरोलाइनही गेली. तो कोकेनमधून केव्हाच सुटला होता अशीच तेव्हा लोकांची समजूत होती.

हॉपकिन्समधला त्याचा सहकारी विल्यम ऑस्लर याने मात्र एका खासगी वहीत वेगळंच लिहून ठेवलं होतं. ती कुलूपबंद होती, आणि तिच्यातला मजकूर १९६९ मध्ये बाहेर आला, हॅलस्टेडनंतर ४७ वर्षांनी. १८९० मध्ये मुख्य पद मिळून सहा महिने होतात न होतात तोच ऑस्लरने त्याला हुडहुडी भरलेल्या अवस्थेत पाहिलं आणि मॉर्फिन चालूच असल्याचं त्याला कळलं. रोज तीन ग्रेन, म्हणजे जवळजवळ २०० मिलिग्रॅम. तेवढ्यावर तो नीट काम करायचा, त्याखाली उतरता येत नव्हतं. पुढे दीड ग्रेनवर आला. १९१२ च्या सुमारास कदाचित पूर्ण बंद झालं असावं, असा ऑस्लरचा अंदाज. तो सगळ्या चरित्रकारांना पटलेला नाही.